भरती सव्वादोन मीटर, लाट अर्धा मीटर

जानेवारीतली पौर्णिमा होती आणि आम्ही मालवणजवळच्या देवबागला कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी, घेऊन जाणार होतो. आदल्या रात्री आईनं माझ्या फोनवरचं भरतीचं कोष्टक पाहिलं. "सव्वादोन मीटर? एवढ्या लाटांत जाणार तू?" मी हसले. "लाटा नाहीत गं, ती भरती आहे. लाटा अर्ध्याच मीटरच्या आहेत." आईची चूक सुधारल्याच्या आनंदात झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेमकी तिच्या उलटी चूक स्वतः करून बसले.

आईला दोष द्यायलाही तोंड नाही. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी काढते आणि बातमी होता होता त्याचं "४.७ मीटर उंचीच्या लाटा उसळणार" असं होऊन बसतं. तो आकडा लाटेचा नव्हेच. सागरी नकाशात एक शून्य पातळी धरलेली असते, साधारण सगळ्यांत खालच्या ओहोटीच्या जवळपासची. तिच्या वर पाणी किती चढणार, एवढंच हा आकडा सांगतो. हे चंद्र-सूर्याचं गणित असतं, म्हणून ते वर्षभर आधी छापता येतं. पुढच्या मंगळवारी वारा किती असेल हे त्याला कुठून कळणार? २६ जुलै २००५ ला मुंबईत भरती ४.४८ मीटरची होती आणि सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या भरतीनं कुणाला धडक दिली नाही. तिनं नाल्यांची तोंडं अडवली आणि शहरातलं पाणी शहरातच राहिलं.

गोंधळात भर घालतो तो आपला 'उधाण' हा शब्द. दर्यावर पोट असलेले लोक अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, तो भांग. आपण शहरातले मात्र समुद्र खवळला की उधाण म्हणून मोकळे होतो. वास्तविक उधाणाच्या सकाळी पाणी ताटात ठेवल्यासारखं निवांत असू शकतं आणि भांगाच्या दुपारी वारा सुटला तर कयाक आरामात उलटते.

लाटेची उंची म्हणजे खळग्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर. ती वाऱ्यावर अवलंबून असते आणि तिचा अंदाज काही दिवसांपुरताच देता येतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था तो देते. त्यातली मेख अशी की जाहीर होणारी उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे अर्धा मीटर लिहिलं असलं तरी मधूनच जवळपास मीटरभराची एखादी येणारच. शिवाय दोन लाटांमधले सेकंद पाहायचे. बारा सेकंदांची लाट खोल पाण्यात सव्वादोनशे मीटर लांब असते आणि ती कयाकला पाळण्यासारखी उचलून ठेवते. चार सेकंदांची जेमतेम पंचवीस मीटर. तिच्यात एक सावरेपर्यंत दुसरी अंगावर. नवशिक्याला दमवते ती हीच.

भरतीचा आकडा कयाकला त्रास देतो तो उंचीमुळे नाही, ओढीमुळे. कार्लीच्या खाडीत चढलेलं सगळं पाणी देवबाग आणि भोगवे यांच्यामधल्या अरुंद तोंडातून सहा तासांत बाहेर जायचं असतं. त्यातही पहिल्या आणि शेवटच्या तासाला थोडंथोडं, मधल्या दोन तासांत निम्मं. नवं माणूस ताशी पाचेक किलोमीटरनं वल्हवतं. समोरून चार किलोमीटरची ओढ असली तर उरतो एक.

आता जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. मग सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, जोर दुपारी सव्वा ते सव्वातीनच्या दरम्यान. हिवाळ्यात सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडून समुद्राकडचा खारा वारा सुटतो तोही दुपारीच. म्हणजे इथे उधाणाच्या दिवशी जोराची ओहोटी आणि जोराचा वारा यांची गाठ जवळजवळ ठरलेली. पाणी बाहेर, वारा आत. समोरून येणाऱ्या प्रवाहावर लाट चढली की ती आखडते, उभी होते, फुटते. अंदाजातला अर्धा मीटर खाडीच्या तोंडाशी अर्धा राहत नाही. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास संपते, दुपारी भरती वाऱ्याबरोबरच आत येते आणि तीही मवाळ. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर सहल आठवडाभर पुढे ढकलली असती. पण मी फक्त लाटा पाहिल्या होत्या.

भोगव्याच्या पुळणीवर आम्ही डबे उघडले तेव्हा आमच्याबरोबरचा देवबागचा दादा म्हणाला, "ताई, सुकती लागली. आता आटपा." आम्ही फोटो काढत बसलो. खाडीकडे परत निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते.

सहा कयाक. समुद्रावर ठीक चाललं होतं, तोंडाशी आल्यावर गटाचे दोन तुकडे झाले. दोघे वाळूच्या कडेला होते, तिथे ओढ कमी, ते पुढे सरकत राहिले. आम्ही चौघं मधल्या धारेत, वल्ही मारतोय आणि भोगव्याची तीच झाडं बाजूला. ओढ माणसांना अशी वेगळी करते. धारेत असलेले एकत्र वाहतात, कडेचे मागे किंवा पुढे राहतात. लाट वेगळं करत नाही, लपवते. कयाकमध्ये बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून पाऊण मीटरवर. मैत्रीण वीस मीटर पुढे होती; खळग्यात उतरले की ती नाहीशी, माथ्यावर आले की दिसायची. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा तिच्या कयाकचा पिवळा तळ वर होता.

अंगात लाइफ जॅकेट होतं, ती कयाकच्या दोरीला धरून राहिली. तेच महत्त्वाचं. रिकामी कयाक वारा पोहणाऱ्यापेक्षा भरभर नेतो. धार मात्र दोघांना सारखीच नेते, म्हणून घाईनं पोहत सुटण्यात अर्थ नसतो. दादानं स्वतःची कयाक तिच्या कयाकला आडवी लावून ती सुलटी केली, मग दोन्ही शेजारी धरून तिला पोटावर वर घेतलं. दीड-दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात आम्ही इतके बाहेर आलो होतो की कडेचे दोघे खडकांच्या आड दिसेनासे झाले.

तो आम्हाला परत खाडीकडे नेईल असं वाटलं होतं. त्यानं उलट बाहेर वळवून भोगव्याच्या वाळूवर आणलं आणि कडेनं गेलेल्या दोघांना फोन करून आतच थांबायला सांगितलं. "पाण्याक जावंदे आधी," एवढंच म्हणाला. मी पाण्याच्या काठाशी वाळूत एक काठी रोवली. तीनपर्यंत पाणी तिच्यापासून सहा पावलं मागे गेलं, पुढच्या तासात चार. साडेचारला दोनच पावलं सरकलं होतं. वारा अजून होता, लाटाही होत्या, पण त्या आडव्या झाल्या होत्या, फुटत नव्हत्या. त्यानं उठून पँटची वाळू झटकली.