पार्श्वभूमी : मंडळाचा पर्जन्यमापक आणि ६५ मिलिमीटरची अट

देशभरातील हवामानाच्या नोंदी १८७५ मध्ये एका खात्याकडे, म्हणजे भारतीय हवामान खात्याकडे आल्या. १९२८ मध्ये त्या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले आणि हवामानाचे नकाशे पुण्यात तयार होऊ लागले. या व्यवस्थेचा मूळ हेतू अंदाज वर्तवण्याचा होता. नकाशावर शोधायचे ते शेकडो किलोमीटर पसरलेले कमी दाबाचे क्षेत्र, त्यामुळे केंद्रे विरळ असली तरी काम भागत असे. नोंदींवरून नुकसानभरपाई ठरवण्याची पद्धत पुढे रूढ झाली, आणि अतिवृष्टीच्या मदतीवरून शेतकऱ्यांचे आज होणारे बहुतेक वाद याच उपयोगातून निर्माण झाले आहेत.

विरळ केंद्रांची मर्यादा २६ जुलै २००५ रोजी सर्वांच्या लक्षात आली. त्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७३. पुढे मुंबईत पावसाच्या ढगांचा वेध घेणारे डॉप्लर रडार आले, २०२२ मध्ये दुसऱ्या रडारची भर पडली. ग्रामीण भागात राज्य सरकारने खासगी भागीदारीतून महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातील गावांच्या प्रत्येक महसुली गटासाठी, स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे.

अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाची नोंद आणि किमान ३३ टक्के पीकनुकसान असे निकष लावले जातात. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार पाऊस सुरू होतो आणि अतिमुसळधार पाऊस ११५.६ पासून, म्हणजे महसूल यंत्रणेची अतिवृष्टी ही हवामान खात्याच्या लेखी केवळ मुसळधार असू शकते. अंदाजासाठी केलेली ही वर्गवारी पिकाच्या नुकसानीशी जोडताना जमीन काळी की मुरमाड, पीक फुलोऱ्यात की काढणीला आलेले, याचा विचार या आकड्यात झालेला नाही. एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र मात्र त्यांतील एखाद्याच गावात असते. ओढ्यापलीकडच्या गावात शेते वाहून गेली आणि केंद्राच्या गावात ५८ मिलिमीटरच भरले, तर संपूर्ण मंडळ यादीबाहेर राहू शकते.

याहून कमी चर्चा होते ती वेळेची. जागतिक प्रमाणवेळेच्या पहाटे तीनला जगभर निरीक्षणे घेतली जातात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आणि पावसाचा दिवस तिथेच बदलतो. पहाटे सहाला सुरू झालेला पाऊस साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर पडला आणि अकरापर्यंत आणखी ४०, तर शेतात ८० मिलिमीटर पाऊस होतो, पण कागदावर दोन दिवस प्रत्येकी ४० मिलिमीटरचे. स्वयंचलित केंद्रांकडे दिवसभराच्या नोंदी उपलब्ध असताना कोणत्याही सलग २४ तासांची बेरीज का धरू नये, हा प्रश्न रास्त आहे.

२०२३ मध्ये राज्याने सततच्या पावसाला आपत्ती मानून सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर असा निकष आणला, तेव्हा ६५ च्या आकड्याबाहेरही नुकसान होते हे निकषांत मान्य झाले. त्याच वर्षी केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मात्र झाड किंवा इमारत तिच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी दूर असावी, हा जागेचा साधा नियम पाळला गेला नाही, तर वाढलेल्या केंद्रांचे आकडेही तितकेच वादग्रस्त ठरतील.