बुटक्या भाताला एवढं खत का लागतं?

१९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर८ हे बुटकं वाण काढलं. त्याआधीची उंच वाणं युरिया पडला की तरारून वाढायची आणि लोंब्या भरल्या की वाऱ्यापावसात सरळ आडवी व्हायची. आयआर८ लोळायचं नाही, पण बुटक्या वाणांकडून भरघोस पीक हवं असेल तर नायट्रोजन सढळ हाताने द्यावा लागतो, हे शेतकऱ्यांना पुढे चांगलंच कळलं.

का लागतो, याचं एक मोठं कारण २०१८ मध्ये सापडलं. बुटकेपणा येतो एसडी१ हा जीन बिघडल्यामुळे. त्याने जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन कमी बनतं, मग एसएलआर१ नावाचं प्रोटीन पेशीत साचून राहतं आणि खोडाच्या वाढीला ब्रेक लागतो. इथपर्यंत झकास, पण हेच प्रोटीन जीआरएफ४ या दुसऱ्या प्रोटीनलाही दाबून धरतं, आणि जीआरएफ४ चं काम काय तर नायट्रोजन शोषून घेणारे जीन चालू करायचं! म्हणजे उंची छाटायला गेलो आणि नायट्रोजन घेण्याची ताकदही छाटून बसलो. चीन आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी जीआरएफ४ वाढवून बघितलं तर झाड बुटकंच राहिलं आणि नायट्रोजनही जास्त घ्यायला लागलं.

सिस्टिम्स बायोलॉजी म्हणतात ती हीच, एकेक जीन सुटा न बघता कोण कोणाला चालू करतं, कोण कोणाला दाबतं ते अख्खं जाळं मांडायचं.

आता पुराचं बघा. ओडिशाच्या एका जुन्या वाणात सब१ए हा जीन मिळाला, २००६ मध्ये त्याची ओळख पटली. रोप पाण्याखाली गेलं की हा जीन पुन्हा त्याच एसएलआर१ चा ब्रेक दाबतो, रोप उंच व्हायच्या नादात साखर उधळत नाही, गप्प बसतं, आणि दोनेक आठवड्यांनी पाणी ओसरलं की परत फुटतं. स्वर्णा या लोकप्रिय वाणात तो संकरातून आणला, दर पिढीत रोपांचा डीएनए तपासून तेवढाच तुकडा राखला, बाकी वाण जवळपास जसंच्या तसं. २००९ पासून स्वर्णा-सब१ भारतात शेतात आहे.

पण बांगलादेशात जिथे पाणी महिनोन्‌महिने हटत नाही तिथे गप्प बसून चालतच नाही. तिथला खोल पाण्यातला भात उलट एसडी१ जोरात चालवतो, हो, आयआर८ मध्ये बिघडलेला तोच, आणि दिवसाला २०-२५ सेंमीपर्यंत वाढून डोकं पाण्यावर काढतो.