शहरातली नदी आणि थंडीचे पाहुणे

थंडीने कळस गाठला, आजूबाजूची तळी गोठली की पाणपक्षी शोधायला रानात भटकू नये. शहरातल्या नदीवरचा एखादा पूल गाठावा. सल्ला उफराटा वाटेल, पण त्यामागे पाण्याचा स्वभाव आहे.

पाणी सर्वांत जड असते ते 4 अंश सेल्सिअसला. तळ्यातले पाणी तेवढे गार झाले की त्याहून थंड पाणी हलके असल्याने वरच राहते आणि त्या निवांत थरावर बर्फाचा पापुद्रा धरतो. नदीला ही उसंत नसते. प्रवाह वरचे पाणी खाली आणि खालचे वर घुसळत राहतो, म्हणून सगळा प्रवाह शून्याजवळ उतरेपर्यंत ती गोठत नाही. त्यात शहर आपली ऊब ओतते: सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले कोमट पाणी, वीजकेंद्रातून सुटणारे गरम पाणी. सगळीकडे पांढरे पडलेले असताना हा काळा पट्टा तेवढा उघडा राहतो.

2014 च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सचा 92 टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग गोठला. तेव्हा लाल मानेच्या टिबुकल्या आणि पांढऱ्या पंखपट्टीची स्कोटर बदके, म्हणजे एरवी मोठ्या सरोवरांवर आणि समुद्रावर थंडी काढणारी मंडळी, थेट वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर दिसू लागली.

अशा वेळी नवख्याने रंगांच्या मागे लागू नये, असे मला वाटते. हिवाळी उजेडात सगळेच करडे दिसतात. पक्षी खातो कसा ते पाहावे. शेपटी वर आणि डोके पाण्यात, असे उभे राहणारे मॅलार्ड बदक उथळ पाण्यातले. सपाट रुंद चोचीने पाणी गाळत जाणारा थापट्या. अख्खे शरीर बुडवून नाहीसे होणारे ते पाणबुडे: टिबुकली, शेंडी बदक, पाणकावळा. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरीही बुडी मारतो. पाणबुड्यांची मोजणी फसवी असते. चार दिसले तरी दोन पाण्याखाली असू शकतात, म्हणून दोन-तीनदा मोजावे.

बदक बर्फावर अनवाणी उभे राहते ते कसे? त्याच्या पायात गरम रक्त खाली नेणाऱ्या धमन्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या शिरा एकमेकींना चिकटून असतात. उतरणारे रक्त आपली ऊब चढणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे शरीर 40 अंशांच्या आसपास असले, तरी पंजे गोठणबिंदूच्या थोडे वर ठेवून भागते आणि उष्णता बर्फात वाया जात नाही. त्यातूनही ते कधी एक पाय पिसांत ओढून घेते. काटकसरच ती.

सगळ्यांना ही काटकसर तारत नाही. खंड्या उथळ पाण्यातल्या बारीक माशांवर जगतो. काठ गोठला की त्याचे ताट झाकले जाते. 1962-63 च्या भीषण थंडीत ब्रिटनमधले खंड्या मोठ्या संख्येने मेले.

म्हणूनच काठाशी फार जवळ जाऊ नये. दिवस लहान, खाणे अपुरे, त्यात दचकून एकदा उडणे म्हणजे साठवलेली चरबी जाळणे. पक्षी माना ताठ करू लागले की तुम्ही जास्तच पुढे आलात असे समजावे आणि दोन पावले मागे सरावे.

काठावर ओळीने झोपलेले मॅलार्ड दिसले तर दुर्बीण ओळीच्या टोकाकडे न्यावी. ही बदके अर्धा मेंदू जागा ठेवून झोपू शकतात, आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की मधल्यांपेक्षा टोकाची बदके हे जास्त करतात. मधली निर्धास्त. टोकाचे मात्र एक डोळा उघडा ठेवून पडलेले असते, आणि तो डोळा सोबत्यांकडे नसतो, बाहेरच्या बाजूला असतो. म्हणजे बहुधा तुमच्याकडे.