लाल कुपी फ्रिजमध्ये ठेवू नका
(कायरल रुथेनियम मिश्रण वापरणाऱ्या प्रयोगशाळांसाठी)

‘पिच लेबलशी जुळत नाही’ ही तक्रार आमच्या रबाळ्याच्या पत्त्यावर सगळ्यांत जास्त येते. (पिच म्हणजे मिश्रणातल्या रेणूंच्या पिळाचा एक पूर्ण फेरा जेवढ्या अंतरात होतो ते अंतर.) परत आलेली कुपी आम्ही तापवतो, हलवतो, पुन्हा मोजतो. बहुतेक वेळा लेबलवरचाच आकडा मिळतो. बिघाड मालात नसतो, कुपी रात्रभर फ्रिजमध्ये किंवा १८ अंशांवर लावलेल्या एसीखाली पडलेली असते.

कुपीत असते ५सीबी (एक द्रवस्फटिक) आणि त्यात विरघळवलेले रुथेनियमचे कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूभोवती सेंद्रिय रेणू धरलेले संयुग. ते कायरल आहे: त्याची एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी डेल्टा आणि लॅम्डा अशी दोन रूपे असतात, कुपीत त्यांपैकी एकच. हे कॉम्प्लेक्सच ५सीबीला पीळ देते; ते जितके जास्त, तितका पिच आखूड. ५सीबी साधारण २२ ते ३५ अंशांत नेमॅटिक (द्रवासारखे वाहणारे, पण रेणू एका दिशेने लागलेले) असते, त्याखाली गोठू लागते. गोठताना स्फटिक शुद्ध ५सीबीचे बनतात आणि कॉम्प्लेक्स उरलेल्या द्रवात ढकलले जाते. कुपी उजेडात धरा: पांढरट सुयांच्या जाळीत गडद लाल द्रव अडकलेला दिसेल. तो द्रव पिपेटने ओढला की पहिल्या सेलमध्ये (दोन काचांमधल्या पातळ फटीत) पिच आखूड येतो, आणि उरलेल्या मालाचा पुढे लांब. नुसती वितळवून भागत नाही. लाल थर तळाशी तसाच राहतो, कारण इतक्या घट्ट द्रवात रेणू आपणहून पसरायला फार वेळ लागतो.

म्हणून दर वेळी, माल चांगला दिसत असला तरीही: बूच घट्ट लावून कुपी ४५ अंशांच्या पाण्यात १० मिनिटे ठेवा. दुधाळपणा जाऊन ती लाल सरबतासारखी पारदर्शक झाली पाहिजे. मग २०-२५ वेळा हळू उलटसुलट करा (जोरात हलवलीत तर बुडबुडे सेलमध्ये जातात), पुन्हा मिनिटभर पाण्यात, आणि लगेच कोमट पिपेटने घ्या. सेलही ४० अंशांच्या हॉटप्लेटवर भरा. थंड सेलमध्ये नेमॅटिक वाहत गेले की रेणू वाहण्याच्या दिशेने लागतात आणि रेघा वेड्यावाकड्या येतात. भरून झाल्यावर मिनिटाला १ अंश या वेगाने थंड करा.

आता रेघांचे. लेसिथिन (रेणू काचेवर उभे करणारा थर) लावलेल्या ५० मायक्रॉनच्या सेलमध्ये मायक्रोस्कोपखाली बोटांच्या ठशासारख्या ज्या रेघा दिसतात, त्यांतले अंतर अर्धा पिच असते, पूर्ण नव्हे. आणि ५ मायक्रॉनच्या सेलमध्ये १० मायक्रॉनचा पिच शोधू नका. तिथे काच पीळ उलगडून टाकते.

स्वतः मिश्रण करणाऱ्यांसाठी: पिच = १ ÷ (पिळण्याची ताकद × मोल-अपूर्णांक). मोल-अपूर्णांक म्हणजे एकूण रेणूंत कॉम्प्लेक्सच्या रेणूंचा वाटा. ताकद १०० प्रति मायक्रॉन आणि कॉम्प्लेक्सचा रेणुभार ७५० धरला, तर १ ग्रॅम ५सीबीमध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम टाकल्यावर १० मायक्रॉन पिच मिळतो. वजनाची टक्केवारी मोलची समजून १ मिलिग्रॅम टाकलेत, तर ३०. डेल्टा आणि लॅम्डा सारखे मिसळले तर पीळच उरत नाही.

‘रंग का दिसत नाही?’ हिरवा परावर्तित होण्यासाठी पिच ०.३४ मायक्रॉनच्या आसपास हवा, म्हणजे वरच्याच हिशेबाने १ ग्रॅमला जवळजवळ ९० मिलिग्रॅम. इतके सहसा विरघळत नाही, आणि विरघळले तरी रुथेनियमचा स्वतःचा लाल रंग सगळे झाकून टाकतो. हे मिश्रण रेघा मोजण्यासाठी आहे.

अमाइनची (अमोनियाच्या जातीच्या संयुगांची) वाफ ओळखायचा सेन्सर करायचा असेल तर हे घेऊ नका, आम्हीच नको म्हणू. यातले रुथेनियम सहाही जागी धरलेले आहे, वाफेला चिकटायला जागाच नाही. त्यासाठी जागा मोकळी असलेला धातू लागतो, जसे झिंक पॉर्फिरिन. तशी मिश्रणे मागणीनुसार करून देतो. उजेडाने चालणारा स्विच हवा असेल तर क्रोमियमचे ट्रिस-अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट पाहा. प्रकाशात त्याचे डेल्टा-लॅम्डा एकमेकांत बदलतात आणि पीळ सैल होतो. त्याच कारणाने ते तपकिरी कुपीतच ठेवावे लागते. रुथेनियमला ही कटकट नाही. महाग आहे खरे, पण साध्या उजेडात आणि ४५ अंशांवर निर्धास्त वापरता येते.

एमबीबीए (दुसरे एक द्रवस्फटिक) स्वस्त पडते, मग ५सीबीच का, असेही विचारतात. दमट हवेतल्या पाण्याने एमबीबीएचे रेणू फुटतात, आणि इथला पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे.

मोठ्या बाटलीऐवजी अर्ध्या ग्रॅमच्या कुप्या देतो, त्याही याचसाठी: एक बिघडली तरी बाकीच्या शाबूत. बदलून हवी असल्यास मोजपट्टीसह मायक्रोस्कोपचा फोटो, सेलची जाडी आणि कुपी कुठे ठेवली होती तेवढे कळवा.