कलाकार आणि आर्किटेक्ट मिळून काम करणार असाल तर निधीचा अर्ज कसा करायचा

परवा रंकाळ्यावर एका चित्रकार दोस्तानं विचारलं, "भावा, आर्किटेक्टबरोबर काम करायला कलाकाराला कुठं पैसे मिळतात काय?" मिळतात की, पण नेमक्या ह्याच नावाची योजना शोधत बसलात तर वर्ष जाईल. कलेसाठीचे जे पैसे आहेत त्यातच आपला विषय बसवायला लागतो.

पहिली जागा म्हणजे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप, काम सीसीआरटी म्हणजे त्या मंत्रालयाची सांस्कृतिक प्रशिक्षण संस्था बघते. २५ ते ४० वयाला ज्युनिअर, महिना १०,००० रुपये, चाळिशीच्या वर सिनियर, महिना २०,०००, दोन्ही दोन वर्षं. म्हणजे ज्युनिअरचे एकूण २ लाख ४० हजार होतात, त्यात इमारत काय भिंतपण उभी राहणार नाही, पण ते पैसे तुमच्या डोक्याचे आणि वेळेचे आहेत हे समजून घ्या. पदवी लागते. चित्र-शिल्पवाल्यांसाठी दृश्यकला आहेच, शिवाय नवीन विषयांच्या यादीत जुन्या स्मारकांच्या रचनेचा आणि इंजिनिअरिंगचा अभ्यासपण येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. फेलोशिप एकट्याला मिळते, जोडीला नाही. त्यामुळं अर्ज कलाकारानं करायचा आणि आर्किटेक्टचं सहमतीचं पत्र जोडायचं. अर्ज ऑनलाईन, शेवटची तारीख त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायची, व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

दुसरी जागा बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. कलेच्या कामांना अनुदान देणारी ही संस्था, सरकारी नाही. अर्जदार भारतीय नागरिक पाहिजे, आणि प्रस्ताव मराठीत लिहिला तरी चालतो, म्हणून उगाच कुणाकडनं तरी जड इंग्रजी लिहून घेऊ नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता खरी मेख प्रस्तावात आहे. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सनं १९९० ला 'आर्ट फॉर आर्किटेक्चर' म्हणून योजना काढली होती, त्यात कलाकाराला डिझाईन टीममध्ये बसायचे पैसे मिळायचे. आपल्याकडं काय होतं, तर बिल्डिंग पूर्ण, रंग पूर्ण, आणि मग फोन येतो, "दर्शनी भिंत मोकळी दिसतीय, काहीतरी म्युरल करा की." ह्याला एकत्र काम म्हणत नाहीत. माझ्या पहिल्या प्रस्तावात मीच हे केलं होतं, कलाकाराचं काम सातव्या महिन्यापासून दाखवलेलं. परत आला, आणि बरोबरच होतं ते.

मग दुसऱ्यांदा जाळीचं उदाहरण घातलं. शाळेच्या व्हरांड्याला भाजलेल्या मातीची जाळी करायची होती, म्हणून मी आणि आर्किटेक्ट कोल्हापूरच्या बापट कॅम्पातल्या एका कुंभारमामांकडं गेलो, त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, "हे माप ओल्या मातीचं का भाजलेल्या?" आम्ही दोघं गप्प. माती वाळताना आणि भाजताना आटते, ह्या मातीला साधारण दहा टक्के धरा म्हणाले, म्हणजे बारा इंचाची जाळी पाहिजे तर ओली सव्वातेरा इंचाच्या जरा वरच करायला लागते, आणि तरीपण एखादी इकडंतिकडं होतेच. जाळीच्या जागेची मापं आधीच पक्की झाली असती तर सगळं फोडायला लागलं असतं. आर्किटेक्टनं तिथंच पेन्सिल काढून दोन खांबांतलं अंतर बदललं. ते खाडाखोड केलेलं ड्रॉइंग आम्ही तसंच स्कॅन करून जोडलं, दहा पानांच्या निबंधापेक्षा ते एक पान जास्त बोललं.

कागदपत्रं नेहमीचीच, आधार, पॅन, जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, बँक पासबुकचं पहिलं पान, केलेल्या कामांचे फोटो. फोटोखाली साल, माप, माध्यम लिहा. दाखल्यावर, आधारवर आणि पासबुकवर नाव एकच आहे ना ते आजच बघा, माझ्या आधारवर वडिलांचं नाव निम्मंच छापलेलं, त्यात तीन आठवडे गेले.

जागा महापालिकेची असेल, म्हणजे शाळा, बाग, चौक, तर महापालिकेचं लेखी पत्र घ्या, "साहेब हो म्हणालेत" हे कागदावर चालत नाही. हेरिटेज यादीतली वास्तू असेल तर हेरिटेज समितीपुढं जायला लागणार, तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं, अशा वास्तूत हात घालायचा तर परवानग्या कडक असणारच, त्याला नावं ठेवू नका.

बजेटमध्ये कलाकाराचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा, लाजू नका. कुंभार, गवंडी, सुतार ह्यांची मजुरीपण नावानिशी. फेलोशिप मिळाली तर दर सहा महिन्यांनी कामाचा रिपोर्ट द्यायला लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून तारीख टाकून फोटो काढा, फुटलेल्या जाळ्यांचेपण.