तांब्याची लँडलाइन आणि फायबरची लँडलाइन: नंबर तोच, पण डायल टोन येतो कुठून?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात फायबर आलं तेव्हा फोनचा नंबर बदलला नाही. मागं ०२३१, पुढं तेच आकडे. यंत्रही जुनंच, कोपऱ्यातल्या स्टुलावर विणलेल्या रुमालाखाली. आत्यानं विचारलं, "मग बदललं काय रे?" उत्तर सापडायला मला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस माडीवरचा फोन डेड होता.

तांब्याच्या लाइनमध्ये घरातलं यंत्र बिचारं परावलंबी. डायल टोन, घंटी, यंत्र चालायला लागणारी वीज, सगळं टेलिफोन एक्स्चेंजमधून यायचं. त्या दोन तारांवर कायम सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर सत्तर-ऐंशी व्होल्टचा एसी चढतो. उघड्या तारेला हात असताना कुणाचा फोन आला तर काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

फायबरच्या काचेतून वीज येत नाही, नुसता उजेड येतो. त्यामुळं डायल टोन तयार होतो तो आपल्याच सोप्यात, भिंतीवर लटकवलेल्या त्या पांढऱ्या डब्यात. त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर. कंपनीची पोरं ओएनटी म्हणतात. आपला आवाज तिथंच आकड्यांत बदलतो आणि छोट्या छोट्या पॅकेटांतून पुढं जातो. थोडक्यात, एक्स्चेंजचा एक तुकडा आता आपल्या घरात राहायला आलाय. (एका कॉलला नेटच्या वेगातले जेमतेम १०० केबीपीएस लागतात, म्हणून "आजी फोनवर बोलत्यात, नेट स्लो झालंय" ही नातवंडांची तक्रार ऐकून घेऊ नका.)

आपल्याकडं नेमकं कुठलं आहे ते ओळखायचं कसं? डब्याचं बटण बंद करा आणि रिसीव्हर कानाला लावा. टोन गेला तर फोन इंटरनेटवर चाललाय. टोन तसाच असेल तर तांबं अजून जिवंत आहे.

फरक खरा जाणवतो तो घरभर फोन फिरवताना. पूर्वी खांबावरून आलेली तार दारातल्या रोझेटवर, म्हणजे तारा जोडायच्या छोट्या डबीवर, उतरायची आणि तिथून पॅरलल काढून माजघरात, माडीवर जायची. पाणी जसं बाहेरच्या नळातून घरात येतं, तसं. आता टाकी घरातच आहे. जोडणी करायला आलेला मुलगा एक यंत्र डब्याला लावतो, "हॅलो हॅलो" करून दाखवतो आणि निघून जातो. भिंतींतली जुनी वायर तशीच पडून राहते.

ती वापरता येते, आणि सोप्यात सोपी रीत आहे. डब्यावर 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेल्या खोबणीतून साधी फोनची वायर काढायची आणि घरातल्या कुठल्याही एका जुन्या सॉकेटला जोडायची. सगळी सॉकेटं एकमेकांना पॅरलल असल्यामुळं एकात टोन गेला की सगळीकडं पोचतो.

मी नेमकं हेच केलं आणि डब्यावरचा फोनचा दिवा विझला. टोन नाही, काही नाही. रोझेटचं झाकण काढलं तर आत स्क्रूंवर हिरवा गंज चढलेला, आणि बाहेरून आलेली ती दोन तारांची जोडी अजून तशीच कसलेली. मल्टिमीटर लावला: ४९ व्होल्ट. तांब्याची सेवा बंद झाली होती, पण तिकडून वीज सोडायचं कुणी थांबवलं नव्हतं. घरातून डबा वीज देतोय, बाहेरून एक्स्चेंज देतंय, दोघं एकाच तारेवर. बाहेरची जोडी सोडवली, टोकांना टेप गुंडाळला, डबा बंद करून चालू केला. माडीवर टोन आला. तेव्हा आधी बाहेरची तार तोडायची, मगच डबा जोडायचा. एडीएसएलच्या, म्हणजे तांब्यावरून नेट यायचं त्या काळातला स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) कुठं लटकत असेल तर तोही काढून टाका.

आणखी एक घोळ. फोनची पिन डब्यावरच्या लॅनच्या, म्हणजे नेटच्या वायरीच्या, खोबणीतही बसते, सैल का होईना. तिथं ती लावू नका. लॅनच्या कडेच्या पिना वाकतात आणि घंटीचा व्होल्टेज नको त्या यंत्रात शिरू शकतो.

डब्याची ताकद मात्र एक्स्चेंजएवढी नसते. तीन-चार यंत्रांच्या पुढं गेलात की घंटी मरगळते. भिंती फोडायच्या नसतील तर एक बेस आणि दोन-तीन हँडसेटवाला कॉर्डलेस घ्या, पण जुन्या वाड्याच्या हातभर जाड दगडी भिंतीपलीकडं त्याचा आवाज तुटतो.

लाइटचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हाचा अंधार ज्यांनी पाहिलाय ते हा प्रश्न पहिला विचारतात. लाइट गेली की डबा मेला, डबा मेला की फोनही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला तर काही तास निघतात. विकत घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर तेवढे जुळवून बघा. तांब्याला घरची लाइट लागायची नाही हे खरं, पण आमच्याकडं मृगाचा पहिला पाऊस झाला की लाइनीत जी खरखर सुरू व्हायची ती दिवाळीपर्यंत. काचेला ओलीचं तेवढं वावडं नाही. या एका गोष्टीसाठी मी तांब्याला परत बोलावणार नाही.

आत्याचा तबकडीचा काळा फोनही माडीवर जोडला. घंटी खणखणीत वाजते, बोलणंही होतं. पण तबकडीचे ठोके डब्याला कळत नाहीत, त्याला बटणांचे सूर लागतात. म्हणून आलेले फोन ती वर घेते आणि करायचा झाला की जिना उतरून खाली येते.