मोतीबिंदू लेझरने ‘विरघळतो’ का?

‘लेझरने मोतीबिंदू विरघळतो, डोळ्याला चिरा द्यावा लागत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. तसं होत नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंगच गढूळ होणं. ते काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवावंच लागतं, आणि आत जायला वाट हवीच. नेहमीच्या फेको शस्त्रक्रियेत साधारण 2 ते 3 मिलिमीटरचा छेद घेतात. त्यातून बारीक सुईसारखं टोक आत जातं, ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करतं आणि तो शोषून घेतं. छेद इतका लहान की बहुधा टाकाही लागत नाही.

फेम्टोसेकंद लेझर यातली सुरुवातीची कामं करतो: छेद, भिंगाच्या पातळ आवरणाला गोल खिडकी, भिंगाचे तुकडे. पण तुकडे बाहेर काढायला पुन्हा फेकोच. खिडकी जास्त नेमकी होते हे खरं. मात्र मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत दोन्ही पद्धतींनंतरची नजर जवळपास सारखीच आढळली. खर्च मात्र लेझरचा बराच जास्त. म्हणून कुणी केवळ लेझरसाठी कर्ज काढू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

गैरसमजाला एक कारणही आहे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी डोळ्यात राहिलेलं भिंगाचं आवरण धुरकट झालं, तर याग लेझरने ते काही मिनिटांत मोकळं करतात, तेही बिनचिऱ्याचं. घरी कुणाचं ‘लेझर’ झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा. ‘फेको’ आणि भिंगाच्या नंबरचा स्टिकर असेल, तर ती शस्त्रक्रियाच होती.